थेंब मोजताना : लिथियम-सल्फर इलेक्ट्रोलाइटच्या प्रकल्प नोंदी

३ जून २०२४

नवी वही. दोन वर्षं कॅथोडचा (गंधक-कार्बनच्या इलेक्ट्रोडचा) कार्बन बदलत बसले, आता इलेक्ट्रोलाइट, म्हणजे सेलमधला आयन वाहणारा द्रव. माझ्या मार्गदर्शक मॅडमनी विचारलं, "कॅथोड मधेच का सोडतेस?" मी सांगितलं, आपण आजवर जेवढे थकलेले सेल उघडले त्या प्रत्येकात सेपरेटर (दोन इलेक्ट्रोडांमधला पातळ पडदा) पिवळा-तपकिरी निघाला. गंधक कार्बनमधून सुटून द्रवात आणि द्रवातून लिथियमवर, म्हणजे समोरच्या इलेक्ट्रोडवर, गेलेलं. कार्बन कितीही सुबक केला तरी हे चालूच राहतं. त्यांनी थोडा विचार केला आणि दिवाळीपर्यंतची मुदत दिली.

पुढे कुणी ही वही उघडेल म्हणून मूळ गोष्ट लिहून ठेवते. गंधकाची सैद्धांतिक क्षमता ग्रॅममागे १६७५ एमएएच (मिलिअँपिअर-तास). डिस्चार्ज होताना आठ अणूंची कडी तुटते. आधी लांब साखळ्यांची लिथियम पॉलिसल्फाइडं तयार होतात (२.३ ते २.४ व्होल्टचा टप्पा), मग चार अणूंच्या साखळीपासून खाली उतरत घन लिथियम सल्फाइड (२.१ व्होल्टच्या आसपासचा टप्पा). क्षमतेचा एक चतुर्थांश वरच्या टप्प्यात, बाकी सगळी खालच्या. लांब साखळ्या इथरमध्ये (नेहमीच्या इलेक्ट्रोलाइटच्या द्रावकात) सहज विरघळतात. चार्जिंगच्या वेळी त्या लिथियमपर्यंत पोचतात, तिथे आखूड होतात, कॅथोडकडे परत येऊन पुन्हा लांब होतात. ही ये-जा म्हणजे शटल. चार्जरचा करंट त्यात जिरतो आणि लिथियम मात्र प्रत्येक फेरीत कुरतडलं जातं.

विरघळणं पूर्ण बंद करावं तर तेही जमत नाही. गंधक आणि लिथियम सल्फाइड दोन्ही विजेचे दुर्वाहक. त्यांना कार्बनच्या पृष्ठभागापर्यंत वाहून आणतं ते द्रवच. म्हणून मला हवं आहे ते थोडंसंच विरघळवणारं द्रव.

तुलनेसाठीचा द्रव नेहमीचाच: डीओएल आणि डीएमई हे दोन इथर समान घनफळात, त्यात १ मोलर लिटीएफएसआय (लिथियमचं मीठ) आणि ०.२ मोलर लिथियम नायट्रेट. सगळं जग हाच वापरतं. डीएमईचा फ्लॅश पॉइंट उणे २ अंश. म्हणजे पुण्यातल्या थंडीतसुद्धा त्याच्या वाफा ठिणगीनं पेटतील. डीओएल ७५ अंशांच्या आसपास उकळतं. शेजारी शुद्ध लिथियम. अशा सेलला मी घराच्या भिंतीवर टांगणार नाही, आणि मला टांगता येईल असाच सेल करायचा आहे.

फोनच्या सेलमधले कार्बोनेट द्रव इथे का नाहीत, हा ज्युनियरचा प्रश्न. पॉलिसल्फाइड त्या कार्बोनेटवर थेट हल्ला करतात, दोघांचाही नाश होतो. गंधक पॉलिमरला घट्ट बांधलेलं असेल किंवा अगदी बारीक छिद्रांत कोंडलेलं असेल तरच ते चालतं. तो वेगळा रस्ता आहे.

७ जून

लिटीएफएसआय १२० अंशांवर व्हॅक्यूममध्ये रात्रभर. हवा दमट झाली आहे आणि हे मीठ बाहेर काढलं की डोळ्यांदेखत पाणी ओढतं. टेट्राग्लाइम (जी४, नव्या द्रवासाठीचा इथर) मॉलिक्युलर सीव्हवर (पाणी शोषणाऱ्या खड्यांवर) ठेवलं.

कॅथोड: गंधक आणि केटजेन ब्लॅक (सच्छिद्र कार्बन) खलून १५५ अंशांवर १२ तास. त्या तापमानाला वितळलेलं गंधक सगळ्यात पातळ असतं, छिद्रांत शिरतं. लेप ५० अंशांवरच वाळवायचा. गेल्या वर्षी एकदा व्हॅक्यूम ओव्हन ८० वर राहिला आणि गंधक उडून काचेवर पिवळी साय जमली होती. वाळवण्याआधी आणि नंतर, दोन्ही वजनं लिहायची.

१४ जून

आज प्रयोग केला नाही, फक्त हिशेब केला. तो फार आधी करायला हवा होता.

आमचे 'चांगले' सेल : पहिला डिस्चार्ज ग्रॅममागे १०८० एमएएच, शंभर सायकलनंतर (एक चार्ज आणि एक डिस्चार्ज म्हणजे एक सायकल) ७९०. हे आकडे मी दोन सेमिनारमध्ये दाखवलेत. आता त्याच सेलच्या आत काय होतं ते पाहू. कॅथोड १२ मिलिमीटर व्यासाचा, क्षेत्रफळ १.१३ चौरस सेंटिमीटर, गंधक चौरस सेंटिमीटरला १ मिलिग्रॅम, म्हणजे एकूण १.१३ मिलिग्रॅम. त्यात द्रव टाकला ४० मायक्रोलिटर. मिलिग्रॅममागे ३५ मायक्रोलिटर!

लिथियमची चकती १५.६ मिलिमीटर व्यासाची, ०.४५ मिलिमीटर जाड. वजन सुमारे ४६ मिलिग्रॅम, क्षमता १७७ एमएएच. समोर गंधकाची क्षमता जेमतेम १.९ एमएएच. लिथियम नव्वद पटींहून जास्त. इतकं असल्यावर शटलनं रोज थोडं खाल्लं तरी शंभर सायकलमध्ये कुणाला कळणार? तोट्यातलं दुकान घरच्या पैशावर चालवावं तसा हा सेल चालत होता.

आता ऊर्जेचं गणित. समजा गंधकाच्या प्रत्येक मिलिग्रॅमकडून १ एमएएच मिळतं, सरासरी २.१ व्होल्टवर. म्हणजे २.१ मिलिवॉट-तास. द्रव मिलिग्रॅममागे १० मायक्रोलिटर धरला तर त्याचं वजन साधारण ११ मिलिग्रॅम. फक्त गंधक आणि द्रव मिळून १२ मिलिग्रॅम, त्यावर किलोमागे १७५ वॉट-तास. लिथियम, तांबं, ॲल्युमिनियम, सेलची बाहेरची पिशवी अजून मोजलेलीच नाहीत. बाजारातला चांगला लिथियम-आयन सेल सगळं धरून २५० च्या आसपास देतो. तेव्हा १० मायक्रोलिटरवर मिळालेला निकाल म्हणजे हरलेली शर्यत, ३५ वरचा तर शर्यतीतच नाही.

मॅडमना कागद दाखवला. त्या म्हणाल्या, "मग यापुढे ५ च्या वर एकही सेल बांधायचा नाही." मी म्हटलं, तुलनेसाठी पहिले काही बांधू दे. त्यांनी मान्य केलं.

१ जुलै

पालख्या पुण्यात मुक्कामाला, निम्मे रस्ते बंद. सायकलवरून आले. प्रयोगशाळेत फक्त मी आणि ज्युनियर, त्यामुळे ग्लव्हबॉक्स (आत हवा-ओलावा नसलेली बंद पेटी) दिवसभर आमच्याच ताब्यात.

नवा द्रव तयार केला. जपानमध्ये योकोहामाच्या वातानाबे गटानं मांडलेली ही कल्पना मला पहिल्यापासून सुंदर वाटते. लिटीएफएसआय आणि टेट्राग्लाइम एकास एक मोल घेतले तर टेट्राग्लाइमचा प्रत्येक रेणू एका लिथियम आयनाला खेकड्यासारखा कवेत घेतो. मोकळा टेट्राग्लाइम जवळजवळ उरतच नाही, मग पॉलिसल्फाइडला विरघळवणार कोण? पण द्रव मधासारखा दाट होतो. म्हणून त्यात टीटीई हे फ्लोरीनयुक्त इथर घालतात. ते लिथियमला धरत नाही, पॉलिसल्फाइडलाही नाही, फक्त मिश्रण पातळ करतं.

माप, ५ मिलिमोलचं: लिटीएफएसआय १.४३५ ग्रॅम, टेट्राग्लाइम १.१११ ग्रॅम, टीटीई चौपट मोल म्हणजे ४.६४१ ग्रॅम. मीठ विरघळताना बाटली हाताला कोमट लागते, आयन कवेत गेल्याची तीच खूण.

मग बाटल्यांची परीक्षा. लिथियम सल्फाइड आणि गंधक, सहा अणूंच्या साखळीच्या हिशेबानं, दोन्ही द्रवांत सारखंच टाकलं, ६० अंशांवर रात्रभर ढवळलं. सकाळी डीओएल-डीएमईची बाटली कोऱ्या चहासारखी गडद, आरपार काही दिसेना. नव्या द्रवाची फिकट लिंबाच्या सरबतासारखी, तळाशी न विरघळलेला गाळ. ज्युनियर बराच वेळ दोन्ही बाटल्या उजेडात धरून उभी होती. एवढ्या एका गोष्टीसाठी महिनाभर खपलो होतो.

९ जुलै

टीटीईशिवायचा दाट द्रव सेलमध्ये घालून पाहिला. पॉलिप्रॉपिलीनच्या सेपरेटरवर थेंब तसाच फुगून बसला, पसरेना. तीनपैकी दोन सेल चाललेच नाहीत. टीटीई घातलेला द्रव मात्र लगेच पसरतो. विषय संपला.

१८ जुलै

गंधक आता चौरस सेंटिमीटरला ४ मिलिग्रॅम, द्रव मिलिग्रॅममागे ५ मायक्रोलिटर. सेलमागे २२.६ मायक्रोलिटर. पिपेटनं एवढंच टाकायचं म्हणजे हात थरथरून चालत नाही. क्रिंप करताना (सेल दाबून बंद करताना) बाजूनं ओघळलेला एक थेंबही हिशेब बिघडवतो. सेल बांधल्यावर पुन्हा तोलायचा, आधीच्या सुट्या भागांच्या वजनाशी ताडून पाहायचा.

एक गोष्ट आधी सुटली होती. सी/१० (पूर्ण क्षमता दहा तासांत) हा दर तोच ठेवला तरी गंधक चौपट झालं की लिथियमच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर करंटही चौपट होतो. पूर्वी ०.१७ मिलिअँपिअर, आता ०.६७. कागदावर दर तोच दिसतो, लिथियमला मात्र वेगळंच आयुष्य जगावं लागतं. लिथियम सपाट बसण्याऐवजी शेवाळासारखं उगवतं ते इथूनच.

सहा सेल जुन्या द्रवाचे, सहा नव्याचे. नव्यात लिथियम नायट्रेट नाही. जुन्यांची खालची मर्यादा १.८ व्होल्ट, कारण साधारण १.६ च्या खाली नायट्रेट कॅथोडवरच फुटायला लागतं. नव्यांची १.५.

२३ जुलै

पहिल्या सायकली. जुना द्रव: ग्रॅममागे ९१० एमएएच. नवा द्रव: ७६०, आणि खालचा टप्पा २.१ च्या जागी १.९५ व्होल्टवर घसरलेला. मन खट्टू झालं, पण कारण समजतं. विरघळणंच रोखलं की गंधकाला कार्बनपर्यंत पोचायला वेळ लागतो. दोन सेल ४५ अंशांच्या पेटीत हलवले, टप्पा वर सरकला. दर सी/२० केला तरी सरकतो. म्हणजे अडचण वेगाची आहे, गंधक वाया गेलेलं नाही.

९ ऑगस्ट

जुन्या द्रवाचा चौथ्या क्रमांकाचा सेल काल संध्याकाळी चार्जिंगला लागला तो आज दुपारीही चार्जच होत होता. साडेपाच तासांचं काम, १९ तास झाले, व्होल्टेज २.३७ ला चिकटलेलं, पुढे सरकेना. शटल उघड्यावर आलं. प्रोग्रॅममध्ये वेळेची मर्यादा मीच घातली नव्हती. आता सगळ्या चॅनेलवर घातली: अपेक्षित वेळेच्या दीडपटीला चार्जिंग बंद. खऱ्या बॅटरीत हाच करंट उष्णता होऊन बसला असता.

लिथियम नायट्रेटचं श्रेय मोठं आहे. सायन पॉवरच्या मिखायलिकचं २००८ चं पेटंट, मग २००९ मध्ये ऑरबाख आणि सहकाऱ्यांनी दाखवलेली त्याची कार्यपद्धती: ते लिथियमवर एक थर चढवतं, पॉलिसल्फाइडला तिथे पोचू देत नाही. पण ते खर्च होतं. लिथियमचा नवा पृष्ठभाग उघडा पडला की पुन्हा थोडं लागतं. माझ्या जुन्या सेलमध्ये गंधकाच्या मिलिग्रॅममागे ७ मायक्रोमोल नायट्रेट होतं, आता फक्त १. कोठार सातवा हिस्सा आणि लिथियमवर करंट चौपट. ४० सायकलच्या आसपास कोठार रिकामं, आणि एकदा ते संपलं की सेल हळूहळू ढासळत नाही, एका रात्रीत जातो. सुरक्षेच्या दृष्टीनं मला हीच गोष्ट सर्वांत वाईट वाटते.

नव्या द्रवाचे सहाही सेल चालू आहेत. ६९० च्या आसपास, कूलंबिक एफिशियन्सी (चार्जिंगला दिलेल्यापैकी परत मिळणारा वाटा) ९८ टक्क्यांच्या जरा खाली. नायट्रेटशिवाय!

२६ ऑगस्ट

शनिवारी रात्री वीज गेली, यूपीएसच्या बॅटऱ्या जुन्या, तासाभरात संपल्या. आज सकाळी येईपर्यंत सेल ३१ तास नुसते बसून होते, सगळे पूर्ण चार्ज झालेले. आधी रडू आलं. मग सुचलं की स्वयं-डिस्चार्जची चाचणी मुद्दाम केली असती तर अशीच केली असती.

जुन्या द्रवाचे जे दोन सेल अजून तग धरून होते त्यांचा वरचा टप्पा जवळपास नाहीसा. लांब साखळ्या बसल्या बसल्या लिथियमवर जाऊन संपल्या. नव्या द्रवाच्या सेलांचा वरचा टप्पा शाबूत, फक्त कडेला जरा झिजलेला. मॅडम म्हणाल्या, हा आलेख प्रबंधात जाऊ दे. आता मुद्दाम ७२ तासांची चाचणी लावते.

३० ऑगस्ट

मेलेले सेल ग्लव्हबॉक्समध्ये उघडले. जुन्या द्रवातलं लिथियम काळपट, भुसभुशीत, चिमटा लावला की चुरा होतो. द्रव जवळजवळ उरलेलाच नाही. या मोकळ्या चुऱ्यात लिथियमचा पृष्ठभाग अफाट, तो द्रव खात जातो आणि सेल कोरडा पडून मरतो. नव्या द्रवातलं लिथियमही गुळगुळीत नाही, पण एकसंध आहे आणि सेपरेटर पांढरा निघाला. दोन वर्षांत पहिल्यांदा पांढरा सेपरेटर पाहिला.

ज्युनियरनं वापरलेला टिश्यू ग्लव्हबॉक्सबाहेर उघड्या डब्यात टाकला आणि पाच मिनिटांत सडक्या अंड्यांचा वास सुटला. लिथियम सल्फाइडला हवेतला ओलावा लागला की हायड्रोजन सल्फाइड. हा वायू विषारी आहे, आणि जास्त झाला की नाकाला त्याचा वासच येईनासा होतो, म्हणून वासावर भरवसा ठेवायचा नाही. डबा लगेच फ्यूम हूडमध्ये (वाफा बाहेर ओढून नेणाऱ्या कपाटात). यापुढे सेलचा सगळा कचरा बंद झाकणाच्या बरणीत, आणि बरणी हूडमध्येच. पिशवीचा सेल पंक्चर झाला तर घरात हेच होईल. नुसता न पेटणारा द्रव शोधून हा प्रश्न सुटत नाही.

१२ सप्टेंबर

गणपतीला तासगावला जाऊन आले, रथोत्सव पाहिला. द्राक्षांच्या फळछाटणीची तयारी सुरू आहे, शेडमध्ये गंधकाच्या पिशव्या रचलेल्या. भुरीसाठी आमच्याकडे गंधक पिढ्यान्‌पिढ्या धुरळतात. आप्पांनी विचारलं, "तुझं ते गंधक आणि हे एकच का?" एकच. तेलशुद्धीकरणात इंधनातून काढून टाकावं लागतं म्हणून ते एवढं स्वस्त आणि मुबलक आहे. कोबाल्टसारखं कुठल्या खाणीवर अवलंबून राहायला नको. आप्पांना हे फार आवडलं. मग म्हणाले, "बागेतल्या पंपाला चालंल का?" चालेल असं मला सांगता आलं नाही. पंपाला जागा भरपूर असते, वजनाची फिकीर नाही, तिथे दुसरे सेल बरे. हा सेल जिथे ग्रॅमाग्रॅमचा हिशेब असतो तिथला. २०१० मध्ये झेफिर हे सौर विमान लिथियम-सल्फरवर रात्र काढत १४ दिवस हवेत राहिलं, तसल्या कामाचा.

परतीच्या एसटीत वजनाचाच विचार करत होते, आणि एक चूक सापडली. मी द्रव मायक्रोलिटरमध्ये मोजतेय. टीटीईची घनता १.५३. माझ्या १:४ मिश्रणाची साधारण १.४८ येते, जुन्या द्रवाची १.१. म्हणजे 'दोन्हीकडे ५ मायक्रोलिटर' असं म्हणत मी नव्या सेलमध्ये जुन्यापेक्षा एक तृतीयांशाहूनही अधिक जादा वजन भरत होते. जुना: ५.५ मिलिग्रॅम द्रव आणि १ गंधक, किलोमागे ३२३ वॉट-तास. नवा: ७.४ आणि १, म्हणजे २५०. तेही दोघांना सारखीच क्षमता आणि सारखंच व्होल्टेज बहाल केलं तर. ३ मायक्रोलिटरवर उतरले तर ३८६.

वहीतले सगळे तक्ते मिलिग्रॅमला मिलिग्रॅम असे पुन्हा लिहिले. मायक्रोलिटरचा रकाना खोडून टाकला.

२० सप्टेंबर

ज्योतीची चाचणी, फ्यूम हूडमध्ये, काचतंतूच्या पट्टीवर मोजके थेंब. जुना द्रव ज्योत टेकण्याआधीच पेटला. नव्यानं ज्योत दूर केल्यावर आग धरून ठेवली नाही. दुसऱ्यांदा केली नाही. फ्लोरीनयुक्त द्रव आगीत हायड्रोजन फ्लोराइड सोडतो, आणि तो हाडापर्यंत जातो.

फ्लोरीनचा दुसरा प्रश्न मला जास्त छळतो. ओईसीडीच्या २०२१ च्या व्याख्येप्रमाणे टीटीई पीएफएएसमध्ये मोडतं, आणि लिटीएफएसआयसुद्धा. निसर्गात सहजी न मोडणारी ही रसायनं. युरोपात पाच देशांनी त्यांच्यावर व्यापक निर्बंधांचा प्रस्ताव २०२३ मध्ये मांडला आहे. टीटीईऐवजी टोल्यूइन घातलं तर घनता ०.८७, फ्लोरीन नाही, वजनाचाही प्रश्न सुटतो. पण फ्लॅश पॉइंट ४ अंश. हलकं पातळक पेटतं, न पेटणारं जड आणि चिवट. आज तरी टीटीई कमी करत जाणं एवढंच हातात आहे: १:४ वरून १:२. घनता फारशी उतरत नाही (१.४६), फ्लोरीन बरंच उतरतं, दाटपणा वाढतो. दाटपणाला ४५ अंशांचा उतारा आहे, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात बंद पेटीतला सेल तेवढा तापतोच.

५ ऑक्टोबर

५० मायक्रॉनचं लिथियम आलं. चौरस सेंटिमीटरला सुमारे १०.३ एमएएच, समोर गंधकाचे ६.७. घरचा पैसा बंद. द्रव ३ मायक्रोलिटर, म्हणजे १:२ मिश्रणाचे मिलिग्रॅममागे ४.४ मिलिग्रॅम.

आठ सेल बांधले. दोन क्रिंपमध्येच गेले, पातळ पत्रा सुरकुतला.

२८ ऑक्टोबर

४५ अंश, सी/१०. जुना द्रव तेवढ्याच वजनाचा घातलेले दोन सेल ९ आणि ११ सायकलमध्ये गेले. नव्या द्रवाच्या चारांपैकी एक १७ व्या सायकलला अचानक शॉर्ट झाला, कारण अजून कळलेलं नाही, उद्या उघडणार. उरलेले तीन ४० च्या पुढे, ६२० ते ६५० च्या दरम्यान, एफिशियन्सी ९८.१. जूनमधल्या सेमिनारच्या आकड्यांपुढे हे किरकोळ दिसतील. मॅडमना मी हेच आकडे पाठवले आणि जूनचा तक्ता प्रबंधातून काढून टाकते आहे असं कळवलं. त्यांचं उत्तर आलं: "काढ. आणि हे तीन सेल मरेपर्यंत थांबवू नकोस."

दिवाळीच्या सुट्टीत वॉचमन काकांना यूपीएसच्या नव्या बॅटऱ्यांचा लाल दिवा दाखवून ठेवला आहे. तो लागला की फोन करायचा. चॅनेल ३, ६ आणि ७ चालू.